केसपेपरवर शिक्का मारून आणा

बाह्यरुग्ण विभागात परिचारिका म्हणून जवळजवळ तीस वर्षे काढल्यानंतर ज्या काही युक्त्या माझ्या अंगवळणी पडल्या, त्यांतली सर्वांत उपयोगी युक्ती मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडली नव्हती. तपासणीला आलेल्या बाईसोबत सासू, नणंद, शेजारीण किंवा कारखान्यातली मैत्रीण असे आणि ती टेबलापाशी ठाण मांडून बसली, की रुग्ण खरे बोलणार नाही हे चेहऱ्यावरूनच कळत असे. अशा वेळी मी त्या सोबतिणीच्या हाती कागद देऊन म्हणत असे, "मावशी, जरा खाली जाऊन केसपेपरवर शिक्का मारून आणा." खिडकीपाशी रांग असल्यामुळे ती परत येईपर्यंत आठ-दहा मिनिटे मिळत, आणि रुग्णाच्या आयुष्यातली सर्वांत महत्त्वाची माहिती पुष्कळदा त्या आठ-दहा मिनिटांतच कळे. त्या शिक्क्याची गरज अनेकदा नसे, हे निवृत्तीनंतर कबूल करायला हरकत नाही.

ही युक्ती सोलापुरात जरा जास्तच लागते, आणि त्याचे कारण आपल्या शहराच्या बोलीत आहे. पूर्व भागातल्या पद्मशाली घरांत तेलुगू चालते, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडून येणाऱ्या पुष्कळ बायकांना कन्नड जवळचे, काही पेठांत दखनी उर्दू, आणि या सर्वांना जोडणारी मराठी. यंत्रमागावर किंवा बाजारात वावरणाऱ्या पुरुषाला मराठी सफाईने येते. परंतु कारखान्यातून पाने आणून घरातच बिड्या वळणाऱ्या त्याच्या बायकोला मराठी समजली, तरी डॉक्टरांसमोर ती बोलण्याचा धीर होत नाही. मग कोणीतरी दुभाषी लागतो. तो रुग्णालयाने नेमलेला नसतो, घरातून किंवा गल्लीतूनच येतो. म्हणजे जिच्यापासून एखादी गोष्ट लपवायची असते, नेमकी तीच व्यक्ती ती गोष्ट डॉक्टरांपर्यंत पोचवण्याचे काम करत असते. वैद्यकीय गोपनीयतेवरच्या व्याख्यानांत मी या अडचणीचा उल्लेख कधी ऐकला नाही. आमच्या ओपीडीत मात्र ती रोज सकाळी नऊ वाजता हजर असे.

एक प्रसंग सांगते. सांगण्याआधी एक खुलासा करणे भाग आहे: येथे लिहिलेल्या प्रसंगांतले वय, वर्ष, व्यवसाय आणि नातेसंबंध मी इतके बदलले आहेत, की ज्यांच्यावर ते गुदरले त्यांनी हा मजकूर वाचला तरी त्यांना आपली ओळख पटू नये. गोपनीयतेवर लिहिताना रुग्णांच्याच कहाण्या सांगणे यात असलेला विरोध मला दिसतो. परंतु प्रसंग पूर्णपणे वगळले, तर हाती केवळ सुविचार उरतात.

पाचव्या महिन्यातली एक मुलगी आली होती आणि सोबत शेजारीण होती. मुलीचा रक्तगट आरएच निगेटिव्ह, नवऱ्याचा पॉझिटिव्ह. मॅडमनी, म्हणजे आमच्या डॉक्टरांनी, नेहमीचे प्रश्न विचारले: यापूर्वी कधी दिवस गेले होते का, गर्भ पडला किंवा पाडला होता का, रक्त चढवले होते का? शेजारणीने ते प्रश्न तेलुगूत पोचवले. मुलीने एकदाच शेजारणीकडे पाहिले आणि मानेने नकार दिला. "पहिलटकरीण आहे हो, लग्नाला अजून वर्षसुद्धा झालं नाही," अशी स्वतःची भर घालून शेजारणीने उत्तर आमच्याकडे दिले आणि केसपेपरवर तसे लिहिले गेले. काही दिवसांनी इनडायरेक्ट कूम्ब्ज चाचणीचा, म्हणजे आईच्या रक्तातली प्रतिपिंडे शोधणाऱ्या तपासणीचा, अहवाल पॉझिटिव्ह आला.

ज्यांना याचा अर्थ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आरएच निगेटिव्ह स्त्रीच्या शरीरात पॉझिटिव्ह गर्भाचे रक्त प्रसूतीच्या किंवा गर्भपाताच्या वेळी मिसळले, की तिचे शरीर त्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू शकते. त्या पहिल्या गर्भाला सहसा त्रास होत नाही. पुढच्या वेळी मात्र ती प्रतिपिंडे वारेतून बाळापर्यंत पोचतात आणि त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडू लागतात. बाळाला पोटातच रक्तक्षय होऊ शकतो, जन्मल्यावर तीव्र कावीळ होऊ शकते. पहिल्या प्रसूतीनंतर किंवा गर्भपातानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डीचे इंजेक्शन दिले तर हे बहुतेक टळते. प्रतिपिंडे एकदा तयार झाल्यावर त्या इंजेक्शनचा उपयोग उरत नाही. त्यामुळे पहिलटकरणीचा हा अहवाल पाहून मॅडमनी काही न बोलता माझ्याकडे पाहिले.

त्या दिवशी मी शेजारणीला शिक्का आणायला पाठवले. माझे तेलुगू 'कडुपु नोप्पी' म्हणजे पोटदुखी, याच्या फार पुढे गेलेले नाही, परंतु प्रश्न तिला मराठीतही कळत होता. तिने एक बोट वर केले. मग बऱ्याच वेळाने म्हणाली, "लग्नाच्या आधी. गावाकडं." इतकेच.

पुढची अडचण मला आजही अधिक बोधक वाटते. मिळालेली माहिती लिहायची कुठे? आपल्याकडे केसपेपर रुग्णाजवळ राहतो, म्हणजे प्रत्यक्षात तो नवऱ्याच्या खिशात, सासूच्या पिशवीत आणि औषधाच्या दुकानाच्या काउंटरवर फिरतो. त्यावर 'जी टू, ए वन' एवढी चार अक्षरे लिहिली, तर घरातल्या किंवा शेजारच्या कोणाही नर्सिंग किंवा फार्मसी शिकणाऱ्या मुलाला त्यांचा अर्थ लागतो: दुसरी गरोदरपणाची वेळ, एक गर्भपात. लिहिले नाही, तर रात्री दोन वाजता कळा घेऊन ती दुसऱ्याच डॉक्टरांपुढे जाईल तेव्हा त्यांना काहीच कळणार नाही. मॅडमनी केसपेपरवर फक्त चाचणीचा निकाल आणि पुढच्या तपासण्यांच्या तारखा लिहिल्या, पूर्वेतिहास विभागाच्या नोंदवहीत लिहिला, आणि मोठ्या रुग्णालयासाठी वेगळी चिठ्ठी बंद पाकिटात, त्या मुलीच्या परवानगीने, दिली. नवरा आला तेव्हा त्याने साहजिक प्रश्न विचारला: पहिल्याच वेळी असे कसे झाले? मॅडम म्हणाल्या, "रक्तात असे घटक तयार होण्याची कारणे एकापेक्षा जास्त असतात. बाळासाठी आता काय करायचे, ते मी तुम्हाला सगळे सांगते." आणि त्यांनी खरोखरच बाळाविषयी सर्व सांगितले, एकही धोका लपवला नाही. ही त्याची फसवणूक झाली का, असे एका तरुण सिस्टरने मला नंतर विचारले. मला तसे वाटत नाही. बाळाच्या प्रकृतीविषयी जाणून घेण्याचा त्याचा हक्क पूर्ण होता आणि तो पाळला गेला. बायकोच्या लग्नापूर्वीच्या आयुष्याचा हिशेब रुग्णालयाकडून मागण्याचा हक्क त्याला नव्हता. कायद्याचा कलही असाच आहे. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यानुसार सज्ञान स्त्रीच्या गर्भपातासाठी फक्त तिचीच संमती लागते, नवऱ्याची नाही. आणि २०२१ च्या दुरुस्तीने तर अशा स्त्रीचे नाव वा तपशील कायद्याने अधिकृत व्यक्तीखेरीज इतरांना सांगणाऱ्या डॉक्टरांसाठी एक वर्षापर्यंतच्या कारावासाची तरतूद केली आहे.

बाळ जन्मल्यावर काही दिवस निळ्या दिव्याखाली होते. मग घरी गेले.

प्रशिक्षण संपताना आम्ही हातात दिवा घेऊन जी शपथ घेतली, ती १८९३ साली अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये तयार झाली आणि नाव मात्र फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे घेऊन जगभर पसरली. तिच्यात रुग्णाच्या खाजगी गोष्टींबरोबर त्याच्या 'कौटुंबिक बाबी'ही गुप्त ठेवण्याचे वचन आहे. त्या वेळी मला तो शब्द अनावश्यक वाटला होता. आजार रुग्णाचा असतो, कुटुंबाचा त्यात काय संबंध? पुढे कळले, की चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याला दिलेल्या उपदेशातही हेच आहे: रुग्णाच्या घरातल्या गोष्टी बाहेर सांगू नयेत. हजारो मैलांच्या आणि अनेक शतकांच्या अंतरावरच्या दोन्ही शपथांना घर आठवले, कारण वैद्य आणि परिचारिका दोघेही घरात शिरत असत. आज आशाताई, म्हणजे वस्तीतल्या आरोग्यसेविका, शिरतात. कोणाच्या घरी भांडण आहे, कोणाकडे गोळ्यांचे पाकीट डब्यामागे लपवलेले आहे, कोणती सून माहेरून परत आलेली नाही, हे त्यांना डॉक्टरांपेक्षा अधिक ठाऊक असते, आणि त्या त्याच गल्लीत राहतात.

गल्लीत राहणे म्हणजे काय, हे मला माझ्याच चुकीतून कळले आहे. आमच्या गल्लीत एक तरुण भाड्याच्या खोलीत राहत असे आणि त्याला घरमालकीणकाकूंकडून डबा मिळे. त्याच्या मानेत गाठी आल्या आणि तपासणीत क्षयरोग निघाला. त्याला आमच्या विभागात मी पाहिले. त्या संध्याकाळी काकू पायरीवर भेटल्या आणि त्यांच्या घरात लहान नातू आहे हे आठवून मी म्हणाले, "त्याचं ताट-वाटी जरा वेगळं ठेवा काकू, बाळ आहे घरात." आजाराचे नाव मी घेतले नाही, असे समाधान मी नंतर कितीतरी दिवस स्वतःला देत होते. काकूंना नावाची गरज पडली नाही. आठवड्याभरात डबा बंद झाला, महिन्याभरात खोली सुटली, आणि तो आमच्याकडे औषधाला येईनासा झाला.

या चुकीत मला सर्वांत अधिक टोचणारी गोष्ट अशी, की ती निव्वळ अज्ञानाची होती. मानेतल्या गाठींचा क्षय श्वासातून पसरत नाही. फुप्फुसाचा क्षय पसरतो, पण तो हवेतून, ताट-वाटीतून नव्हे. आणि योग्य औषधे सुरू झाल्यावर काही आठवड्यांत तोही पसरण्याची शक्यता बरीच कमी होते. म्हणजे मी त्याचे गुपित फोडले आणि त्यातून बाळाचे कणभरही रक्षण झाले नाही. काळजी मात्र खरी होती. माझ्या पाहण्यात गुपिते फुटली ती बहुतेक अशाच काळजीपोटी. पैशासाठी किंवा द्वेषाने फुटलेली मी फार थोडी पाहिली. 'आपलाच माणूस आहे, सांगायला काय हरकत आहे' हे वाक्य ज्या शहरात दिवसातून दहादा उच्चारले जाते, तेथे हा धोका मोठा आहे. तो तरुण पुढे एकदा नवी पेठेत भेटला. त्याने नमस्कार केला आणि चालत राहिला. त्याने सहा महिन्यांची औषधे कुठे तरी पूर्ण केली असतील, अशी मी आशा करते. विचारण्याचा अधिकार मी गमावला होता.

क्षयरोगाची नोंद सरकारकडे करावीच लागते, २०१२ पासून खाजगी डॉक्टरांवरही ते बंधन आहे, मग काकूंना सांगितले तर काय बिघडले, असा युक्तिवाद एका सहकाऱ्याने माझ्या बाजूने केला होता. त्यातली गल्लत समजून घेण्याजोगी आहे. भारतीय आयुर्विज्ञान परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत डॉक्टरांनी रुग्णाचे गुपित उघड करू नये असे सांगून तीन अपवाद दिले आहेत: न्यायाधीशांच्या आदेशावरून न्यायालयात, एखाद्या विशिष्ट व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर आणि निश्चित धोका असताना, आणि नोंद सक्तीची असलेल्या रोगांच्या बाबतीत. या तिन्ही ठिकाणी माहिती ठरलेल्या वाटेने ठरलेल्या व्यक्तीपर्यंत जाते. आरोग्य खात्याकडे गेलेली नोंद औषधे मिळावीत आणि घरातल्यांची तपासणी व्हावी यासाठी असते. पायरीवरच्या काकू आरोग्य खाते नव्हेत.

ही वाट किती अरुंद ठेवावी लागते, हे एचआयव्हीच्या बाबतीत आपण फार किंमत देऊन शिकलो. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात रक्तदानाच्या वेळी एका गृहस्थाला एचआयव्हीची लागण असल्याचे आढळले, रुग्णालयाकडून ती माहिती बाहेर गेली आणि त्याचे ठरलेले लग्न मोडले. होणाऱ्या वधूच्या जीविताचा हक्क त्याच्या खाजगीपणाहून वरचढ मानून न्यायालयाने रुग्णालयाला दोषी धरले नाही. त्या निकालाचा मतितार्थ आमच्यासारख्यांपर्यंत 'धोका असेल तर सांगून टाकावे' इतकाच पोचला, आणि त्या सबबीवर कोणी कोणाला काय सांगितले याला सुमार राहिला नाही. २०१७ चा एचआयव्ही व एड्सविषयक कायदा १० सप्टेंबर २०१८ रोजी लागू झाला आणि त्याने ही वाट पायरीपायरीने बांधली. जोडीदाराला सांगण्याचा अधिकार फक्त डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला आहे. तोही जोडीदाराला खरोखर मोठा धोका असेल, रुग्णाला स्वतः सांगण्यासाठी समुपदेशन करून झाले असेल, तो सांगणार नाही याची खात्री पटली असेल आणि आपण सांगणार आहोत हे त्याला आधी कळवले असेल तरच. सांगायचे ते समोरासमोर आणि समुपदेशनासह. आणि रुग्ण स्त्री असेल व सांगितल्यामुळे तिला मारहाण होईल किंवा घराबाहेर काढले जाईल अशी रास्त भीती असेल, तर डॉक्टरांनी जोडीदाराला कळवताच कामा नये. हे शेवटचे कलम ज्यांनी लिहिले, त्यांनी केसपेपरच्या रांगेत उभ्या असलेल्या बायका पाहिल्या असाव्यात.

कायदा बोलतो तो मुख्यतः डॉक्टरांविषयी. कागद मात्र कितीतरी हातांतून जातो: खिडकीवरचा कारकून, वॉर्डातले मामा आणि मावशी, प्रयोगशाळेतला मुलगा, एक्स-रेचा तंत्रज्ञ, विम्याची किंवा शासकीय योजनेची कागदपत्रे भरणारा, आणि शेवटी अहवाल आणायला पाठवलेला रिक्षावाला. यांच्यापैकी बहुतेकांनी कसलीही शपथ घेतलेली नसते आणि 'हे कोणाला सांगायचे नाही' असे त्यांना कोणी बजावलेले नसते. एका ठिकाणी मी पलंगाच्या पायथ्याशी लाल अक्षरांत आजार लिहिलेला पाहिला आहे. कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी, असे त्याचे समर्थन होते. वस्तुतः प्रत्येक रुग्णाचे रक्त संसर्गजन्य असू शकते असे धरूनच हातमोजे घालायचे असतात. ज्याची तपासणीच झाली नाही त्याच्या पलंगावर लाल अक्षरे कोण लिहिणार? २०२० साली करोनाग्रस्तांची नावे, वये आणि पत्ते असलेल्या याद्या माझ्या फोनवर तीन वेगवेगळ्या गटांतून आल्या, त्यांतला एक भिशीचा होता. घरांवर लावलेल्या फलकांविषयी सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षीच्या डिसेंबरात सांगितले, की सक्षम अधिकाऱ्याचा तसा खास आदेश असल्याखेरीज ते लावू नयेत. तोपर्यंत लोक तपासणी टाळायला शिकले होते.

आपल्या शहरात आरोग्यसेवेवर कोणी भाषणाला उभे राहिले, की डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे नाव येतेच, आणि यावेच. १९१० साली सोलापुरात जन्मलेला हा माणूस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेला आणि १९४२ साली तेथेच वारला. भाषणांत त्यांचा त्याग सांगितला जातो. मला त्यांची एक साधी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते: ते चिनी भाषा शिकले. रुग्णाशी त्याच्या भाषेत बोलता आले, की मधला माणूस नाहीसा होतो.

त्यांच्याइतकी बुद्धी नसल्यामुळे मी चौदा प्रश्न शिकले. पाळी, दिवस, गर्भपात, अंगावर जाणे, मारहाण, घरातली औषधे असे चौदा प्रश्न तेलुगूत आणि कन्नडमध्ये, ज्यांचे उत्तर मान हलवून किंवा बोटे दाखवून देता येईल असे. दोन सिस्टरांनी ते माझ्याकडून उतरवून घेतले. तपासणीच्या टेबलाची जागा बदलून रुग्णाची पाठ दाराकडे होईल अशी मांडणी केली, पुकारताना नावापुढे विभागाचा उल्लेख बंद केला, अहवाल रुग्णाने आधी नाव सांगितलेल्या व्यक्तीच्याच हाती देण्याचा प्रघात पाडला. पडद्यासाठी मात्र चार वर्षे अर्ज करावे लागले. शेवटी माझ्या पुतणीच्या दुकानातून दोन सोलापुरी चादरी आणून आम्ही त्या तारेवर टांगल्या. त्यांच्यावर मोर होते.

आणखी एक गोष्ट मला कोणी शिकवली नव्हती: रस्त्यात भेटलेल्या रुग्णाला आपण होऊन ओळख द्यायची नाही. त्याने दिली तर हसायचे, नाही तर पुढे जायचे. यामुळे मी शिष्ट आहे असा माझा लौकिक झाला आणि तो निवृत्तीनंतरही टिकून आहे. काही वर्षांपूर्वी जानेवारीत होम मैदानावर गड्ड्याच्या यात्रेत बांगड्यांच्या दुकानापाशी ती मुलगी दिसली, आता चांगली थोराड झालेली, बरोबर शाळकरी पोर. तिने मला पाहिले आणि नजर बांगड्यांकडे वळवली. तिच्याशेजारी तीच शेजारीण होती, आणि तिची स्मरणशक्ती उत्तम होती.

"सिस्टर, हिला ओळखलं नाही काय? तुमच्याकडंच येत होतो की आम्ही."

"किती माणसं येतात हो अक्का," मी म्हणाले, "चेहरे राहत नाहीत लक्षात."

ती मुलगी दुकानदाराशी डझनाच्या भावावरून हुज्जत घालत होती. तिचा आवाज बराच मोठा झाला होता, आणि मराठी स्वच्छ होते.